अप्पांच्या गाडीची मागची सीट

अमरनाथअप्पांच्या हातून आजवर एकही वस्तू बिघडली नव्हती. सगळ्या सुधारल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. विहिरीवरची मोटार त्यांनी सुधारली, तेव्हा ती पाणी ओढायचं सोडून नुसती गुणगुणायला लागली. टीव्हीचा अँटेना सुधारला, तर बातम्या देणाऱ्या बाईला दोन डोकी आली. त्यावर अप्पा म्हणाले, "कंपनीनं एकच दिलतं."

महानंदाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून हे बघत होत्या. अप्पांची सिरसाळ्याच्या बाजारात आडत होती आणि घर शेतातल्या वस्तीवर. दुकानात माणूस बरा होता. माल बघायचा, भाव बोलायचा, खोटं कमी. पण घरी आला की धोतर खोचून कशाला ना कशाला उघडून बसायचा. उघडलेलं मिटायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

त्या वर्षांत जो तो काहीतरी नवीन आणत होता. कोणाच्या माडीवर डिश बसली, कोणी रस्त्यावर फोनचं बूथ टाकलं. शेजारच्या गावच्या विठ्ठलरावांनी सुमो घेतली. विठ्ठलराव पुढारी माणूस; सुमो आल्यावर जुनी पांढरी अँबेसिडर दारात ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटायला लागलं. त्यांना जे कमीपणाचं वाटलं ते अप्पांनी हार घालून घरी आणलं.

गाडी चांगली होती, वाट वाईट होती. डांबरी रस्त्यापासून वस्तीपर्यंत सगळी काळी माती आणि मधे ओढा. उन्हाळ्यात गाडी ऐटीत आली-गेली. पाऊस पडला आणि ओढ्याच्या चढाला एक मागचं चाक जागच्या जागी गरागरा फिरायला लागलं. दुसरं पाहुण्यासारखं गप उभं. अप्पांनी जोर लावला तसा चिखल मागं ढकलणाऱ्यांच्या तोंडावर. शेवटी शेजारच्या मळ्यातल्या छबुबाईंची बैलजोडी बोलावली. बैलांनी मान खाली घातली आणि गाडी काढून दिली.

छबुबाई चाबूक काखेत धरून म्हणाल्या, "अप्पा, तेल कुनाला पाजलं तुमी? गाडीला का माज्या बैलान्ला?"

पावसाळाभर हेच. मग अप्पांनी निदान केलं, "गाडीच्या मागच्या अंगात दम न्हाई." सुमोच्या ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं होतं म्हणे, मागचं सगळं जीपचं टाका, वर स्प्रिंगचे दोन पाटे जास्तीचे घाला, गाडी उंच होईल, चिखलाची भीती नको. ड्रायव्हर गंमत करत होता की खरं सांगत होता, हे महानंदाबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. अप्पा मात्र परळीच्या भंगारातून जुन्या जीपचा मागचा एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस, घेऊन आले. आंब्याच्या झाडाखाली गाडी दगडांवर चढवली, आणि श्रावण लागला.

श्रावण लागला म्हणजे सासूबाईंचं सुरू झालं. कावेरीबाईंचं वय झालेलं, खुब्याचं हाड मोडून नीट न बसलेलं. धरून उभं केलं तर दोन पावलं टाकायच्या, तेवढंच. पण जीभ तरण्या बाईची. सून होऊन आल्यापासून त्या दर श्रावणात एका सोमवारी कपिलधारला जायच्या. स्वामींच्या समाधीचं दर्शन घ्यायचं, मग पडत्या पाण्याखाली पाय धरायचे. खुबा मोडल्यापासून ते राहिलं होतं. एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नव्हती.

"कार्तिकात जाऊ ना, वाट वाळल्यावर," अप्पा म्हणायचे.

"कार्तिकात जत्रेची गर्दी बघू का पानी बघू? मला धार पडताना बघायचीय. कार्तिकापत्तूर मी ऱ्हाते का जाते, ते तुज्या पान्याला इचार."

पाना म्हणजे अप्पांच्या हातातला. तो तेव्हा हातातच होता.

महानंदाबाईंनी सरळ उपाय सांगितला होता. "छबुबाईंच्या बैलगाडीत गादी टाकून आत्याबाईंना रस्त्यापर्यंत नेऊ. तिथून काळी-पिवळी जीप करू. दिवस मावळायच्या आत परत."

अप्पा चटका बसल्यासारखे उठले. "घरात मोटार हाय आन् माजी आई बैलगाडीत? लोक काय म्हनतील?"

"लोक काय म्हनतात ते तुमच्या कानावर आलं न्हाई वाटतं आजून."

"येत्या सोमवारी गाडी तयार. आईला मीच नेनार. शब्द हाय माजा."

असे सोमवार आले आणि गेले. गाडी झाडाखाली, ढुंगणाखालून चाकं काढलेली, गुडघे टेकलेल्या उंटासारखी बसलेली. बारदानावर उताणे पडलेले अप्पा तिच्या पोटाखाली. घरातली एकेक वस्तू तिकडं जायला लागली. तेल धरायला परात गेली. बोल्ट सैल होईना म्हणून वरवंटा गेला. उजेड पडेना म्हणून देवघरातली बॅटरी गेली. महानंदाबाई सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला डोळे मिटायच्या आणि बाहेर घण पडायचा. पूजेत वाईट बोलायचं नाही असा त्यांचा नेम होता. तो त्या पाळायच्या. विभूती लावून उठल्या की मग मोकळ्या व्हायच्या.

"परात कवा देनार?"

"तेल निथळतंय आजून."

"निथळू द्या. पोळ्याला पुरन त्याच तेलात शिजवते. तुमी खा."

अप्पांना मदतीला हनुमान होता. छबुबाईंचा हा थोरला मुलगा. रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान. विहिरीच्या मोटारीची लाइन ओढून त्यानं वेल्डिंगचं मशीन लावलं होतं. मोटार तशीही गुणगुणण्यापलीकडं काही करत नव्हती. एका दुपारी दोघं एक्सल समोर ठेवून बसले होते. महानंदाबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा वाद चालू होता.

"अप्पा, ह्याच्या बैठका खालच्या अंगाला हायत," हनुमान म्हणत होता. बैठका म्हणजे एक्सलवरच्या त्या दोन चपट्या जागा, जिथं पाटे बसतात. "आपल्याला पाटे वर पायजेत, तवा गाडी उंच व्हईल. ह्या बैठका कापून वरच्या बाजूला जोडाव्या लागतील. कापायला ग्यास पायजे. परळीवरनं आनू."

"कापायचं कावून बे? सगळा आसच पालथा घाल. बैठका आपोआप वर आल्या."

हनुमाननं डोकं खाजवलं. "मधी दात्याची चाकं हायत त्यात. वर-खाली आसंल ना काहीतरी."

"आसाला कसलं आलं वर-खाली? तुमच्या टायरगाडीचा आस बघ. उलटा घाल, सुलटा घाल, चाक फिरतं का न्हाई?"

हनुमानचं सगळं लहानपण बैलगाडीच्या जुवाखाली गेलेलं. तो विचार करून म्हणाला, "फिरतं."

"मग?"

"मग काय. घालू पालथा."

दोघांनी मिळून चहा प्याला आणि आस पालथा घातला. महानंदाबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळं त्या काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांना याचंच वाईट वाटलं. कळत नसताना बोलायचा हक्क घरात फक्त एकाच माणसाला का असावा?

श्रावणातला शेवटचा सोमवार आला तो अमावास्येला. सोमवती अमावास्या आणि पोळा एकाच दिवशी. आदल्या दिवशी गाडी चाकांवर उभी राहिली. मागून इतकी उंच झाली होती की समोरून बघणाऱ्याला ती वाकून नमस्कार करतेय असं वाटावं. हनुमान म्हणाला, "अप्पा, एकडाव ओढ्यापत्तूर फिरवून आनू."

अप्पांनी कानाला हात लावले. "पूजा न करता? आता ही नवी गाडी हाय. चाक फिरनार तर लिंबावरनंच फिरनार. त्याच्या आधी इंचभर हलवायची न्हाई."

महानंदाबाई म्हणाल्या, "देवानं बघायच्या आधी तुमी बघितलं तर देवाला राग येनार न्हाई."

"तुला नेमधर्म शिकवायला लागलो तर दिवस जाईल माजा," अप्पा म्हणाले. वर्षभर इष्टलिंगाला हात लावायला ज्यांना तीनदा हाक मारावी लागायची, ते हे म्हणाले. महानंदाबाईंनी नुसतं देवाकडं बघितलं.

सोमवारी सकाळी पूजा सांगायला जंगमस्वामी आले. गाडीच्या नाकाडावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, बेल वाहिला, नारळ फुटला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. वस्तीवरची माणसं जमली. छबुबाई आपली जोडी घेऊन आल्या होत्या. पोळ्याचे बैल, धुतलेले, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. स्वामींकडून बैलांनाही विभूती लावून घ्यायची होती. बैल बांधावर उभे राहून गाडीकडं बघत होते. एरवी अशा जागी त्यांचंच काम निघायचं.

कावेरीबाईंना नवीन इरकल नेसवून मागच्या सीटवर बसवलं. शेजारी महानंदाबाई, मांडीवर बेलाची पिशवी आणि भाकरीचं गाठोडं. अप्पा फेटा बांधून पुढं बसले. गाडी सुरू झाली. सगळ्यांनी हर हर महादेव केलं. अप्पांनी पहिला गिअर टाकला.

गाडी मागं गेली.

मागची लिंबं पचापच फुटली. गाडी चार हात मागं जाऊन थांबली. अप्पा हसले. "रिव्हर्स पडला वाटतं." काढून परत पहिला टाकला. गाडी आणखी मागं. माणसं बाजूला झाली. अप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी दुसरा टाकला. दुसऱ्यात गाडी जोरात मागं गेली आणि कडब्याच्या गंजीत घुसून थांबली. मागच्या काचेवर कडब्याच्या पेंढ्या धडाधड येऊन पडल्या, आत अंधार झाला.

त्या अंधारात कावेरीबाई म्हणाल्या, "अमर, कपिलधार ह्या अंगाला कवापासून गेलं रं?"

हनुमान गाडीखाली सरपटत गेला. आधी त्याचं हसू ऐकू आलं. मग ते एकदम थांबलं, कारण आस पालथा घालताना दुसरं टोक कोणी धरलं होतं, हे त्याला आठवलं. बाहेर येऊन तो हळूच म्हणाला, "अप्पा, दात्याचं चाक ह्या बाजूचं त्या बाजूला गेलं. आता पुढचं सगळं मागं, आन् मागचं पुढं."

स्वामींनी झोळी खांद्याला लावली. "शिवाची इच्छा," म्हणाले आणि छबुबाईंच्या बैलांकडं वळले. शिवाची कशाला, महानंदाबाईंच्या मनात आलं, शिवानं कुठं पाना हातात धरला होता?

अप्पा खाली उतरले. "काय न्हाई, दोन दिवसांचं काम हाय. उलटा करून घेतो."

"उद्या भादवा लागतो," महानंदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून अप्पांना जास्त लागला. "आज शेवटचा सोमवार. बैलगाडी म्हनलं तर तुमचा मान आडवा आला. आता आज पोळा. आज बैलांच्या मानेवर जू ठेवनारा मानूस हाय का कुनी पंचक्रोशीत?"

बांधावरून छबुबाई बोलल्या, "माजे राजे आज सुट्टीवर हायत बया. तुजं सोनं घेऊन आलीस तरी जुपनार न्हाई. काल बोलली असतीस तर रस्त्यापत्तूर नेऊन सोडलं असतं."

काल, परवा, त्याच्या आधी. सगळे दिवस होते. महानंदाबाईंनी सासूकडं बघितलं. कावेरीबाई बाहेर उतरायला तयार नव्हत्या. दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसल्या होत्या, गालावर विभूती ओघळलेली.

"आरं हनम्या," त्या म्हणाल्या, "मागचं पुढं झालं म्हनलास. म्हंजी मागं जायचा गिअर टाकला तर पुढं जाईल ना ही?"

"जाईल की आज्जी. एकच गिअर, हळू जाईल."

"मला कुटं लग्नाला गाठायचंय. टाक म्हनावं."

अप्पा म्हणाले, "लोक हसतील, आई."

"हसून झालं की त्यांचं. आता नवीन काय हसनार हायत?"

आणि निघाली गाडी. रिव्हर्स गिअर टाकून पुढं, घोंगावत, मागचं अंग वर करून. मागून सगळी वस्ती. दोन गड्यांनी खांद्यावर लांब वासे घेतले होते, चाक रुतलं तर उचकटायला. अप्पा स्टिअरिंगला कवटाळून बसलेले, नजर सरळ. ओढ्यापर्यंत गाडी खरंच गेली. उतारावर तर अप्पांची मान थोडी ताठ झालेली महानंदाबाईंना मागून दिसली. "बघितलं का," ते म्हणाले, "उंचीचा फायदा हाय."

चढाला गाडीनं नाक वर केलं आणि एक मागचं चाक जागच्या जागी गरागरा फिरायला लागलं. दुसरं पाहुण्यासारखं गप उभं.

तेच. अगदी तेच. जीपचा आस, जास्तीचे पाटे, परातीतलं तेल, फुटलेला वरवंटा, गेलेले सोमवार. आणि चाक तेच करत होतं जे ते आधी करायचं. वासे लावले, दगड घातले, झोंबाझोंबी केली. गाडी हलली नाही. डांबरी रस्ता समोर दिसत होता, चहाच्या हॉटेलाशी काळी-पिवळी उभी होती, पण ती चिखलात उतरणार नव्हती.

अप्पा म्हणाले, "झालं. परत न्या आईला."

कावेरीबाईंनी खिडकीतून रस्त्याकडं बघितलं आणि मग डोळे मिटून घेतले. एवढा वेळ ती बाई बोलत होती तोवर महानंदाबाईंना धीर होता. आता नव्हता. परत म्हणजे कुठं? वर्षभराच्या दुखण्यात परत. पुढचा श्रावण कोणी बघितला होता?

त्यांनी हाताखालची सीट चाचपली. लांब, रुंद, स्प्रिंगची, विठ्ठलरावांच्या कार्यकर्त्यांनी बसून बसून मऊ केलेली.

"हनुमान, ही सीट निगती का?"

"निगती की काकू. नुसती ठेवल्याली आसती."

"काढ."

अप्पा वळले. "ए! सीटला हात लावू नको बे!"

"अहो," महानंदाबाई म्हणाल्या, "ह्या गाडीत न सुधारलेली येवढी एकच चीज ऱ्हायलीय. ती तरी कामाला येऊ द्या."

बायकांनी कावेरीबाईंना दोन्हीकडून धरून दगडावर उभं केलं. हनुमाननं सीट दारातून तिरकी करून बाहेर ओढली. दोन्ही वासे शेजारी शेजारी धरले, वर सीट ठेवून नाड्यानं आवळली, त्यावर कावेरीबाई. चार गड्यांनी उचललं. एकाचाही पाय घसरला नाही. चिखलात अंगठा रोवून चालायची सवय असलेली माणसं ती. पोळ्याचे हलगीवाले मागं होतेच, त्यांनी हलगी धरली. छबुबाईंचे बैल रिकाम्या मानेनं शेजारून चालले. फेटा सावरत अप्पा ओढ्यात गाडीपाशी उभे राहिले, कारण दार बंद होत नव्हतं आणि उघड्या गाडीला टाकून जाववत नव्हतं.

"अमर, येतोस का?" वरून कावेरीबाईंनी विचारलं.

"गाडी कोन बघल?"

"बघ मग."

रस्त्यावर सीट चहाच्या हॉटेलाशी ठेवली आणि काळी-पिवळी केली. कपिलधारला त्या दिवशी धार भरून पडत होती. समाधीचं दर्शन झालं. पाण्याजवळ महानंदाबाईंनी सासूला खडकावर बसवलं आणि पाय पाण्यात धरले. तुषार तोंडावर येत होते. कावेरीबाईंचे ओठ हलत होते. महानंदाबाईंच्या मनात येताना पुष्कळ तक्रारी होत्या. पाण्याच्या आवाजात एकही सापडेना.

मग सासूनं विचारलं, "नवऱ्यासाठी काय मागितलंस?"

"त्यांचे पाने हरवू देत म्हनलं."

"देव येवढा कुटं मोकळा हाय," कावेरीबाई म्हणाल्या. आणि हसल्या.

दिवस मावळताना चहाच्या हॉटेलाशी सीट होती तशीच होती. तिच्यावर दोघंजण बसून भजी खात होते, त्यांना उठवावं लागलं. ओढ्यात गाडी होती. गाडीत अप्पा होते, पुढच्या सीटवर झोपलेले, फेटा उशाला. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊन ताजे झालेले छबुबाईंचे बैल आले आणि त्यांनी गाडी काढून दिली. दोन्ही वेळा गाडीला लागलेला दम त्यांचाच.

अप्पा बाजारात सांगायचे की असा आस मुद्दाम घातला होता, चिखलातून मागं निघायला चार गिअर मिळावेत म्हणून. काहीजणांनी ते खरंही धरलं. पण मागची सीट त्यांना परत मिळाली नाही. कावेरीबाईंनी ती ओसरीवर मांडून घेतली आणि त्यावर बसून सांगितलं, "ही मी द्यायची न्हाई." मागची सीट नसलेली गाडी घ्यायला कोणी येईना. शेवटी तिच्यात कोंबड्या बसायला लागल्या. त्यांना पुढं-मागं कुठं जायचं नव्हतं.

पुढच्या श्रावणात पहिल्याच सोमवारी, अप्पा देवाला बसले असताना, महानंदाबाईंनी छबुबाईंना हाक मारली. बैलगाडीत सीट टाकली, खाली कडबा, वर चादर. कावेरीबाई टेकून बसल्या, एकदा वर-खाली हलून बघितलं आणि समाधानानं मान डोलावली. तेवढ्यात अप्पा गळ्यातलं लिंग सावरत बाहेर आले. गाडीत कोण बसलंय याच्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते चाकाशी उकिडवे बसले आणि आसावर बोट वाजवून म्हणाले, "छबुबाई, ह्याला खालून दोन पाटे मारले ना, तर..."

"हाक गं छबे," वरून कावेरीबाई ओरडल्या, "हा उठायच्या आत!"